कापराचं शून्य

घरात कुत्रा आणायचा तर आधी घर कुत्र्याच्या लायकीचं करून दाखवायचं, असा नियम सरकारने ज्या वर्षी काढला, नेमकी त्याच वर्षी माझ्या मुलाला कुत्रा पाळायची हुक्की आली. मिहिर बत्तीस वर्षांचा आहे. आजवर त्याच्या हातून एक तुळस जगलेली नाही. त्याची बायको ऋजुता, तिला आम्ही ऋजू म्हणतो, तिच्याबद्दल मी फारसं बोलत नाही, कारण स्वयंपाक ती करते. म्हणजे ती यंत्राला सांगते आणि यंत्र करतं, पण मीठ कमी पडलं तर वाईट तिलाच वाटतं.

दोघं जाऊन एका निवाऱ्यातून चार महिन्यांचं पिल्लू पसंत करून आले. गावठीच, तांबूस रंगाचं, आणि पाय अंगाच्या मानाने भलतेच लांब. ऋजूने त्याचं नाव शेवगा ठेवलं. भाजीचं नाव लावलेला कुत्रा मी सत्तर वर्षांत पाहिला नव्हता. निवाऱ्यातल्या बाईंनी पिल्लू लगेच दिलं नाही. आधी सुरक्षित घराचं प्रमाणपत्र आणा म्हणाल्या, शंभरात किमान पंच्याऐंशी गुण पाहिजेत. हाच मिहिर रोह्याच्या ज्या घरात रांगला तिथे जमिनीवर पेटती शेगडी असे आणि मागे बिनकठड्याची विहीर. त्या घराला कुणी गुण दिले नव्हते आणि मिहिर तरीही मोठा झाला. पुरेसा नाही, पण झाला.

प्रमाणपत्रासाठी तपासणी करणाऱ्या कंपनीचा जो माणूस आला त्याचं नाव अवधूत साबळे. पनवेलमधल्या आमच्या चौदाव्या मजल्यावरच्या घरात तो शिरला, बूट काढले आणि थेट गुडघ्यांवर आला. कुत्र्याच्या उंचीवरून पाहावं लागतं, म्हणाला. मग तासभर तो घरभर रांगला. त्याच्यामागे मिहिर रांगला. मी आरामखुर्चीत बसून दोन शिकलेली माणसं सोफ्याखाली तोंड घालताना बघत होतो.

धोके निघाले सत्तेचाळीस. चार्जरच्या वायरी, कपडे धुण्याच्या यंत्राचं उघडं दार, बाल्कनीच्या गजांमधलं अंतर, खालच्या कप्प्यातले कांदे, शिऱ्यासाठी आणलेले बेदाणे, माझ्या चहात साखरेऐवजी घालायच्या गोड पुडीचा डबा, परडीतली कण्हेरीची फुलं, फिनेल, डासांची वडी. यातलं बरंचसं कुत्र्याला खरोखर विष असतं, हे मला मान्य आहे. बेदाण्याने कुत्र्याचं मूत्रपिंड जातं, हे मला ठाऊक नव्हतं, ते साबळेने सांगितलं. चांगली गोष्ट चांगली म्हणायला माझी हरकत नसते, फक्त तशी वेळ क्वचित येते.

माझ्या खोलीत त्याने कपाट उघडायला लावलं. त्यात नीलिमाच्या साड्या आहेत. नीलिमा म्हणजे माझी बायको, तिला जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या पैठण्यांमध्ये मी दर दोन महिन्यांनी ताजा कापूर ठेवतो, मलमलच्या पुरचुंडीत बांधून. तीही तसंच करायची. साबळेने नाक वर करून पाहिलं नाही, टॅबवर पाहिलं, आणि कापूर कुत्र्याला अतिशय घातक, काढून टाका, असं सांगितलं. मी नाही म्हटलं. मिहिर मध्ये पडायला लागला तशी ऋजूच म्हणाली की आईंच्या साड्या आहेत त्या, राहू दे. मग तोड निघाली. प्रत्येक खोलीच्या दाराला खाली कुत्र्यापुरती एक झडप बसणार होतीच. ती झडप घरात बसणारं, हवा हुंगणारं यंत्र चालवणार. खोलीतली हवा घातक असेल तर झडप बंद, चांगली असेल तर उघडी. माझ्या खोलीत कापूर असेपर्यंत तिथली झडप उघडणारच नाही, म्हणजे कुत्रा तिथे येणारच नाही. मला ते फार सोयीचं वाटलं.

शेवटी त्याने ठरलेले प्रश्न वाचून दाखवले. घरात लहान मुलं आहेत का, फटाके साठवता का, वगैरे. त्यातला एक प्रश्न असा होता: घरात अशी कुणी व्यक्ती आहे का, जी जाणूनबुजून प्राण्याला अपाय करील किंवा होऊ देईल? साबळेने नजर टॅबवरच ठेवली, पण मिहिरने माझ्याकडे पाहिलं आणि दात काढले.

ऋजू हसली. "नाही हो," ती म्हणाली. "बाबा नुसतं बोलतात. करत काही नाहीत."

तिने माझी बाजू घेतली हे मला तेव्हा कळलं नाही. मला फक्त ते हसणं ऐकू आलं.

आठवड्याने यंत्र बसवायच्या दिवशी साबळेने अहवाल वाचला. त्यात मोठे धोके दुरुस्त झाल्याचं लिहिलं होतं आणि उरलेल्यांत मध्यम धोका म्हणून एक नोंद होती, ज्येष्ठ रहिवासी एक. गोळ्या खाली सांडतात, कपाटांची दारं उघडी टाकतात, सूचना पाळण्याची तयारी कमी. कांदे आणि फिनेल यांच्या मध्ये कुठेतरी मी होतो. मिहिर म्हणाला, "बाबा, तू मध्यमच आहेस, मला वाटलं होतं तीव्र निघशील." आणि स्वतःच हसला.

आता मी कोण ते सांगायला हवं. मी विद्याधर खारकर. धाटावच्या एका रासायनिक कारखान्यात अठ्ठावीस वर्षं उपकरण विभागात होतो. वायूची गळती हुंगणारी यंत्रं, आम्ही त्यांना डिटेक्टर म्हणायचो, ती तपासणं आणि बरोबर बोलतात ना हे पाहणं, एवढंच माझं काम. अठ्ठावीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेलं एक यंत्र खोटं बोललं नाही. तो मी, आणि मला कुत्र्याचा मध्यम धोका ठरवणारा हा पोरगा, ज्याला स्वतःच्या यंत्राच्या आत काय आहे ते माहीत नव्हतं.

आत काय आहे ते मी सांगतो. यंत्राचं नाव सुघ्राण, घरातले सगळे त्याला नाकच म्हणत. कुत्र्याच्या नाकात वास पकडणारी शेकडो प्रकारची प्रथिनं असतात. ती आता प्रयोगशाळेत वाढवता येतात. कार्बनचा अणूभर जाडीचा पापुद्रा घ्यायचा आणि त्यावर ती प्रथिनं बसवायची. हवेतला एखादा रेणू येऊन प्रथिनाला चिकटला की पापुद्र्यातून वाहणारी वीज किंचित बदलते. कांद्याने यातली चाळीस प्रथिनं हलतात, फिनेलने दुसरीच साठ. कोणती हलली त्यावरून यंत्र पदार्थ ओळखतं. खोलीखोलीत छताजवळ बटणाएवढी छिद्रं, तिथून हवा ओढून हॉलमधल्या मुख्य डब्यात आणायची, तो डबा झडपा चालवणार आणि त्याची रोजची नोंद आपोआप जनावरांच्या डॉक्टरकडे जाणार. कल्पना उत्तम आहे. मला तिच्यात खोट काढता आली नाही, आणि मी काढून पाहिली होती.

पण हुंगणाऱ्या कुठल्याही यंत्राला आधी एक गोष्ट शिकवावी लागते, ती म्हणजे काहीच नसणं. त्याला शून्य देणं म्हणतात. कारखान्यात आम्ही त्यासाठी शुद्ध हवेचा सिलिंडर वापरायचो. डिटेक्टरला ती हवा दाखवायची आणि सांगायचं, बाबा रे, हे शून्य, याच्यावर जे येईल ते मोज. सुघ्राणच्या कंपनीला घरोघर सिलिंडर उचलून न्यायचा कंटाळा. त्यांनी युक्ती केली. यंत्र चालू झाल्यावर पहिल्या तासात घरात जी हवा असेल, तेच त्याचं शून्य. त्या तासात जे काही हुंगलं ते जन्मभर वजा. म्हणून त्या तासात घरात फोडणी नको, उदबत्ती नको, अत्तर नको. माहितीपुस्तिकेच्या एकोणिसाव्या पानावर हे ठळक अक्षरांत होतं. पुस्तिका मी वाचली होती. बाकी कुणी वाचली नव्हती, आणि साबळेनेही वाचली नसावी, कारण पुढे जे झालं ते त्याच्यासमोर झालं.

नवं यंत्र घरात आलं आणि त्याला हळदकुंकू लागलं नाही, असं आमच्याकडे होत नाही. फ्रिज आला तेव्हा झालं, गाडी आली तेव्हा झालं, इमारतीच्या लिफ्टचंही झालं. ऋजूची आई, आमच्या विहीणबाई, त्यासाठी खास ठाण्याहून ताट घेऊन आल्या होत्या. साबळेने बटण दाबलं, डब्यावर निळा दिवा लागला आणि आतली बाई गोड आवाजात म्हणाली, शून्य घेत आहे, कृपया हवा स्वच्छ ठेवा. त्यावर विहीणबाई म्हणाल्या की आवाज किती छान आहे, आणि त्यांनी डब्याच्या कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. उदबत्त्या लावल्या, एक नाही, पाच. मग तबकात कापूर पेटवून डब्यासमोर आरती ओवाळायला लागल्या. साबळे दोन्ही हात जोडून उभा होता. तबक त्याच्यासमोर आलं तेव्हा त्याने आरती घेतली आणि हात डोक्यावरून फिरवले. यंत्र बसवणारा माणूस यंत्राचं शून्य नासताना आरती घेत होता. यापेक्षा सुंदर दृश्य मी आयुष्यात पाहिलं नाही.

कारखान्यात खंडेनवमीला अवजारांची पूजा व्हायची. मी दर वर्षी आदल्या संध्याकाळी सगळ्या डिटेक्टरांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून ठेवायचो, की धूप आत जाऊ नये. एकदा एका हेल्पराने पिशवी काढून उदबत्ती ओवाळली, तर मी त्याला तीन दिवस घरी बसवलं होतं. हे मला त्या क्षणी आठवलं. तासभर थांबा, एवढे दोनच शब्द बोलायचे होते.

मी बोललो नाही. मध्यम धोका गप्प बसला. मी मनात म्हटलं, होऊ दे फजिती, महिन्याभरात नाक तोंडघशी पडेल आणि मग हे सगळे माझ्याकडे येतील, तेव्हा एकोणिसावं पान उघडून दाखवीन. वर प्रसादाचा शिराही खाल्ला. तो बिनबेदाण्याचा होता आणि वाईट होता.

घराला सत्त्याण्णव गुण मिळाले. मिहिरने ते नातेवाइकांत वाटले. दुसऱ्या दिवशी शेवगा आला, घरभर हुंगत हिंडला आणि माझ्या दाराशी येऊन उभा राहिला. गळ्यातल्या पट्ट्याची चकती झडपेजवळ गेली, खटका वाजला आणि झडप उघडली. नाकाच्या लेखी माझ्या खोलीत काहीच नव्हतं. कपाटात मूठभर कापूर होता आणि नाक म्हणत होतं शून्य. माझा तर्क चोख निघाला होता. मी खूश झालो, हे इथे सांगून टाकतो.

त्यानंतरचे चार महिने मी यंत्रापेक्षा माणसांनाच जास्त पाहिलं. दूध नासलंय का हे मिहिर फोनला विचारायचा, पातेलं हातात असताना. विहीणबाई आल्या की दारातच थांबून विचारायच्या, नाक काय म्हणतं? ऋजू सुरुवातीला शेवग्याच्या मागे मागे असायची, तोंडात काही धरलं की बोट घालून काढायची. नंतर तिने ते सोडलं. नाक आहे ना, म्हणायची. पूर्वी घरात काही करपलं तर तिघंही एकदम उठायचो. आता करपल्याची सूचना येईपर्यंत कुणी मान वर करत नसे. नाक भिंतीवर गेलं आणि चेहऱ्यावरची नाकं नुसती शोभेला उरली.

मी मात्र फजितीची वाट पाहत राहिलो. रोज म्हणायचो, आज सांगू. सांगितलं नाही. त्याला आणखी एक कारण झालं होतं, आणि ते मला आवडत नाही. शेवगा रोज दुपारी माझ्या खोलीत यायचा. मी त्याला हाड म्हणायचो, त्याला ते त्याचं दुसरं नाव वाटायचं. लांब पाय दुमडून तो माझ्या पलंगाखाली पडायचा आणि मी पेपर मोठ्याने वाचला तर ऐकायचा. नीलिमा गेल्यापासून मी जे वाचतो ते कुणी ऐकलेलं नव्हतं. नाकाची चूक सांगितली असती तर पुन्हा नीट शून्य घेतलं असतं, आणि मग माझी झडप बंद झाली असती. कापूर मी काढून टाकू शकत होतो, हेही खरं. पण तो काढायचा म्हणजे साबळेचं ऐकायचं. मला कुत्राही हवा होता, कापूरही हवा होता आणि सगळ्यांपेक्षा शहाणं ठरणंही हवं होतं.

मला साखर आहे. म्हणून खोबऱ्याच्या वड्यांचा डबा मी नीलिमाच्या कपाटात ठेवतो, साड्यांमागे, कारण तिथे कुणी हात घालत नाही. एका बुधवारी जेवण झाल्यावर मी एक वडी काढली, तोंडात टाकली आणि हॉलमध्ये येऊन खुर्चीत डोळे मिटले. कपाटाचं दार लोटायचं राहिलं. अहवालात लिहिलं होतं तसंच.

जाग आली ती खडखडाटाने. माझ्या खोलीत शेवगा आडवा पडला होता आणि चारही पाय ताठ करून थडथडत होता. तोंडाला फेस, डोळे उघडे, पण बघत कुठेच नव्हता. वड्यांचा डबा पालथा, रिकामा. मलमलची पुरचुंडी चावून चोथा झालेली, आत काही नाही. खोबऱ्याला कापराचा वास लागलेला असणारच, त्याने दोन्ही एकदम गिळलं होतं.

पुढे मी काय केलं ते लिहायला मला लाज वाटते. मी आधी डबा पलंगाखाली सरकवला. तो चोथा खिशात घातला. कपाट बंद केलं. आणि मग ऋजूला हाक मारली.

ती पलीकडच्या खोलीत काम करत होती. तिने शेवग्याला चादरीत गुंडाळलं, मिहिरला फोन केला आणि आम्ही गाडीत बसलो. रस्ताभर ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन विचारत होती की बाबा, याने काही खाल्लं का, तुम्ही पाहिलंत का. मी म्हटलं, मी झोपलो होतो. मनाशी हिशेब असा केला की डॉक्टरला आपोआप कळेल, डॉक्टर कशासाठी असतात. दुसऱ्याच्या अकलेवर मी पहिल्यांदाच भरवसा टाकत होतो, आणि तोही स्वतःची कातडी वाचवायला.

डॉक्टर मंजिरी गद्रे शांत बाई होत्या. त्यांनी झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर आमच्या घराची नोंद उघडली. आजचा दिवस, सगळ्या खोल्या, विषारी पदार्थ शून्य. चार महिन्यांत शून्य. मिहिर तोपर्यंत पोचला होता. डॉक्टर म्हणाल्या की विषबाधा तर दिसत नाही, तेव्हा हा मेंदूचा विकार असणार, फेफरं. मुंबईला नेऊन मेंदूची तपासणी करायला हवी. त्या चिठ्ठी लिहायला लागल्या. टेबलावर शेवग्याच्या पायांत पुन्हा थडथड सुरू झाली.

मी म्हटलं, "त्याने कापूर खाल्लाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, "काका, कापूर असता तर नोंदीत सगळ्यात आधी आला असता. कापराला नाक फार तिखट असतं."

"आमचं नाक कापराला आंधळं आहे. शून्य घेताना त्याच्यासमोर आरती चालू होती. त्याला कापूर म्हणजे साधी हवा वाटते."

मिहिर म्हणाला, "बाबा, तुला काय माहीत?"

"पहिल्या दिवसापासून माहीत आहे. माझी झडप उघडायला नको होती, ती रोज उघडत होती." मी खिशातला चोथा काढून टेबलावर ठेवला.

डॉक्टर चोथ्याकडे बघत होत्या, पण हात पुढे होत नव्हता. पडद्यावर शून्य होतं आणि समोर फाटकं मलमल होतं, आणि त्यांना पडदा खरा वाटत होता. मला एकदम भयंकर राग आला, त्यांचा नाही, सगळ्याचाच. मी म्हटलं, "बाई, मास्क काढा आणि याच्या तोंडाचा वास घ्या. तुम्हालाही नाक आहे."

त्यांनी मास्क काढला आणि शेवग्याच्या तोंडाशी वाकल्या. सरळ झाल्या तेव्हा चिठ्ठी बाजूला सारली होती. मग फार भराभर सगळं झालं. त्याला पूर्ण बेशुद्ध केलं, नळी घालून पोट धुतलं, प्राणवायू लावला. आम्हाला बाहेर बसायला सांगितलं.

बाहेर बाकावर मिहिर येरझारा घालत मला जे बोलायचं ते बोलला. आजवर मी त्याला जेवढं ऐकवलं होतं त्याच्या मानाने ते थोडंच होतं. ऋजूच्या कुडत्यावर शेवग्याचा फेस वाळला होता. ती म्हणाली, "त्या साबळेने विचारलं होतं, बाबा. मी नाही म्हणाले होते."

एवढंच. मी तिला सांगू शकलो असतो की यंत्राची रचनाच सदोष आहे, शून्य असं घेतं का कुणी, आणि आरती काही मी केली नव्हती. यातला प्रत्येक शब्द खरा होता. मी खाली मान घालून बसलो.

शेवगा वाचला. पाच दिवसांनी घरी आला तेव्हा मागचा डावा पाय किंचित फरफटत होता. ही फरफट जाईल, डॉक्टर म्हणाल्या, किंवा नाही जाणार. त्या पाच दिवसांत मी कपाटातला सगळा कापूर काढून इमारतीखालच्या कचऱ्यात टाकला. पैठण्या एकेक करून बाल्कनीत उन्हात घातल्या, कपाट पुसलं, खोली दोन दिवस उघडी ठेवली. नीलिमाच्या साड्यांना आता कसलाच वास येत नाही.

साबळे पुन्हा आला. यावेळी विहीणबाईंना बोलावलं नव्हतं. खिडक्या उघडून घर आधी हवेशीर केलं, मग बंद केलं, स्वयंपाकाचं यंत्र थांबवलं आणि आम्ही तिघं आणि साबळे तासभर हॉलमध्ये नुसते बसून राहिलो. निळा दिवा लागला होता. एकोणिसावं पान साबळेने यावेळी वाचलेलं दिसत होतं, कारण मध्येच तो शिंकायला बाल्कनीत गेला. एरवी त्यावर मी दोन दिवस बोललो असतो.

शून्य घेऊन झाल्यावर तपासणी पहिल्यापासून करावी लागते. तो पुन्हा रांगला, पण एकटाच. माझ्या खोलीत छिद्राखाली उभा राहून म्हणाला की हवा एकदम स्वच्छ आहे काका, शंभर टक्के. मग हॉलमध्ये येऊन त्याने प्रश्न वाचायला घेतले. लहान मुलं आहेत का, नाही. फटाके, नाही. मग तो प्रश्न आला. घरात अशी कुणी व्यक्ती आहे का, जी जाणूनबुजून प्राण्याला अपाय करील किंवा होऊ देईल?

मिहिर खिडकीबाहेर पाहू लागला. ऋजूने तोंड उघडलं आणि मिटलं. मला दिसलं की ती पुन्हा नाही म्हणणार आहे. मला वाचवण्यासाठी ती त्या यंत्रात एक खोटं शून्य घालणार होती.

"आहे," मी म्हटलं. "विद्याधर खारकर. होऊ देईल, असं लिहा."

साबळे गोंधळला. त्याने सांगितलं की तशी नोंद केली तर ती त्याला परत काढता येत नाही. हवा कशीही असली तरी त्या व्यक्तीच्या खोलीची झडप कायमची बंद राहते.

ऋजू म्हणाली, "बाबा, असं काही नको."

मी साबळेला लिही म्हटलं. त्याने लिहिलं.

दुपारी मी पेपर घेऊन पलंगावर बसलो. थोड्या वेळाने बाहेरून तो फरफटणारा पाय ऐकू आला. चकती झडपेला लागली, आत खटका वाजला आणि झडप घट्ट बसली. त्याने एकदा पंजाने ओरखडलं, मग दाराला पाठ लावून तिथेच बसला. मी पेपर मोठ्याने वाचायला सुरुवात केली. खोलीत कापूर नव्हता, फिनेल नव्हतं, काहीच नव्हतं, फक्त मी होतो. आयुष्यभर मी यंत्रांच्या चुका शोधल्या. या बंद झडपेत मला एकही सापडली नाही.